"सर, कुठलं केमिकल वापरू?" याचं जरा लांबलेलं उत्तर

सर म्हणू नको रे, काका म्हण, नुसतं भाऊ म्हटलं तरी चालेल. २६ वर्षं झाली या धंद्यात, नाशिकच्या सातपूरला फिटर म्हणून लागलो, मग अंबड, मग सिन्नर, मधली चार वर्षं दिंडोरीकडे एका वायनरीत, आणि मेंटेनन्स करता करता सफाई आणि सेफ्टी कधी गळ्यात पडली ते कळलंच नाही.

बाकीच्यांसाठी या पोराचा प्रश्न थोडक्यात सांगतो. अंबडला एका युनिटमधे क्वालिटीला लागून याला सहा महिने झालेत, केचप, पिझ्झा सॉस आणि बाजूच्या शेडमधे मसाला पावडर. पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, म्हणजे माल घेणारी कंपनी कारखाना तपासणार, फिलरचा (बाटल्या भरायच्या मशीनचा) स्वॅब, म्हणजे बोळ्याने पुसून केलेली जंतूंची तपासणी, तीनदा फेल आलाय, मॅनेजर म्हणतात अजून स्ट्राँग केमिकल आण. आणि परवा थर्ड शिफ्टला धुताना एका हेल्परचा ग्लोव्ह कन्व्हेयरमधे ओढला गेला, हात थोडक्यात वाचला. तर याने दोन वेगळे प्रश्न विचारलेत, एक केमिकलचा आणि एक सेफ्टीचा.

माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तुमच्या प्रॉडक्शन प्लॅनमधे सफाईला किती वेळ लिहिलाय ते आधी बघ. मी पैजेवर सांगतो की लिहिलेलाच नाहीये. बॅच संपली की जो काही वेळ उरेल तो सफाईचा, म्हणजे पाचला संपायची बॅच सव्वासहाला संपते, सातची शिफ्ट दारात उभी असते आणि मधल्या पाऊण तासात पोरांनी सगळी लाईन चकाचक करायची. मग पोरं काय करणार, कन्व्हेयर चालू ठेवूनच कपडा लावतात, कारण बेल्ट आपोआप फिरतो आणि कपडा एकाच जागी धरला की झालं. ग्लोव्ह तिथेच गेला ना? आणि स्वॅब पण त्याच पाऊण तासामुळे फेल होतोय.

१९५९ साली जर्मनीत हर्बर्ट सिनर नावाच्या माणसाने एक साधी गोष्ट मांडली, सफाईचं काम चार गोष्टी मिळून करतात, वेळ, तापमान, केमिकल आणि घासणं. एक कमी केली तर बाकीच्या तीन वाढवाव्या लागतात. आपल्या घरी हे सगळ्यांना माहितीये, दुधाचं पातेलं करपलं की आई त्यात पाणी घालून रात्रभर ठेवते, सकाळी बोटाने निघतं. लगेच काढायचं तर तारेच्या घासणीने हात दुखेपर्यंत घासा. तुझे मॅनेजर वेळ शून्य करून बसलेत, थर्ड शिफ्टला बॉयलर मंद ठेवतात म्हणजे तापमान पण गेलं, फिलरच्या आत ब्रश जात नाही म्हणजे घासणं पण गेलं, राहिलं काय तर केमिकल. म्हणून स्ट्राँग आण, अजून स्ट्राँग आण.

तापमानावरून आठवलं, थंडीत बघ. निफाडला पारा पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या पेपरात येतात त्या दिवसांत आमच्याकडे हमखास स्वॅब फेल व्हायचे आणि आम्ही सप्लायरशी भांडायचो की कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, लाईन धुवायचं केमिकल) हलकं पाठवलंस. नंतर एकदा मी स्वतः थर्मामीटर घेऊन रिटर्न लाईनला, म्हणजे धुवायचं गरम पाणी पाईपांतून फिरून जिथे परत येतं तिथे, बसलो. टाकीवर ७५ दिसतंय आणि सगळी लाईन फिरून परत येणारं पाणी ५२. पाईप उघडे, शेड उघडी, पहाटेचे चार. तेव्हापासून मी तापमान रिटर्नलाच मोजतो आणि वेळ पण तिथे तापमान आल्यावरच सुरू करतो. एक ते दोन टक्के कॉस्टिक, ७० ते ८० डिग्री आणि पाईपमधे सेकंदाला दीड मीटरचा वेग, एवढं खरंच मिळालं तर बहुतेक घाण निघते, त्यासाठी इम्पोर्टेड काही लागत नाही. वेग का म्हणतोय तर पाणी पाईपमधून नुसतं गेलं पाहिजे असं नाही, खळाळत गेलं पाहिजे, दीड इंची पाईपचा पंप अडीच इंची लाईनला लावला तर पाणी तळातून ओघळत जातं आणि वरचा अर्धा पाईप कोरडाच राहतो.

क्रम पण चुकवू नका. आधी सुकं, म्हणजे खरवडून काढायचं, वायपरने गोळा करून बादलीत, मोरीत नाही. मग कोमट पाणी. एकदम उकळतं मारू नका, पिझ्झा सॉसमधे चीज किंवा दूध असेल तर ते स्टीलला शिजून चिकटतं. मग डिटर्जंट किंवा फोम, १०-१५ मिनिटं राहू द्यायचा पण सुकू द्यायचा नाही. मग घासायचं, धुवायचं, बॅटरी मारून डोळ्यांनी बघायचं आणि सगळ्यात शेवटी सॅनिटायझर. घाणीवर सॅनिटायझर मारलात तर क्लोरीन घाणीशीच संपतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. ही चूक मी निम्म्या कारखान्यांत बघितली आहे, हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनवालं ब्लीच) वास आला म्हणजे स्वच्छ झालं असं समजतात.

आता हायपो. यावर जरा जास्तच लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. १० टक्क्याचा हायपो घेतला तर लिटरला १ मिली टाकला की साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००) होतं, म्हणजे १० लिटरच्या बादलीत २०० पीपीएमसाठी २० मिली, चहाच्या छोट्या कपाच्या पावपटीएवढं. आणि पोरं किती टाकतात? कॅन तिरका करून "भक" आवाज येईपर्यंत. दुसऱ्या टोकाला, तोच निळा कॅन एप्रिल-मे मधे शेडबाहेर उन्हात दोन महिने पडलेला असतो, तेव्हा त्यात १० टक्के सोड पाचसुद्धा राहिलेलं नसतं. म्हणजे एकतर चारपट नाहीतर निम्मं. टेस्ट स्ट्रिपची डबी काही फार महाग नसते, ती आण, मोजमापाचं झाकण कॅनला दोरीने बांध आणि कॅनवर आल्याची तारीख मार्करने टाक, स्टॉक सावलीत.

स्ट्राँग करून काय होतं तेही ऐक. हायपो स्टेनलेस खातं. ३०४ ग्रेडच्या पत्र्यावर हायपो रात्रभर तसाच राहू दिला की टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, नखाने कळतात. त्या खड्ड्यात सॉस बसतो, सॉसवर बुरशी बसते आणि वर चिकट थर धरतो, बायोफिल्म म्हणतात त्याला, मग ब्रश वरून जातो आणि आतली मंडळी सुखात. म्हणजे ज्या स्ट्राँग केमिकलने स्वॅब पास करायला निघालात त्यानेच पुढच्या वर्षीचे फेल स्वॅब पेरून ठेवलेत. तुमच्या फिलरचा ट्रे एकदा कोरडा करून तिरक्या उजेडात बघ.

आणि केचपच्या कारखान्यात अजून एक. तुमच्याकडे व्हिनेगर आहे. हायपो आणि कुठलंही अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. सिन्नरला असताना एका पोराने फुटलेल्या व्हिनेगरच्या कॅनवर वास जावा म्हणून हायपो ओतला, चांगल्या मनाने ओतला बिचाऱ्याने, आणि त्या बंद खोलीतून तिघं खोकत खोकत बाहेर आले, एकाला दोन दिवस अ‍ॅडमिट ठेवावं लागलं. संडासच्या अ‍ॅसिडवर ब्लीचिंग टाकणं हाच प्रकार. म्हणून अ‍ॅसिड एका खोलीत, हायपो दुसऱ्या खोलीत, एका रॅकवर वर-खाली पण नाही. आणि पाण्याच्या बाटलीत, कोल्ड्रिंकच्या बाटलीत केमिकल काढून ठेवणारा दिसला तर त्याच जागी थांबव, तहानलेला माणूस लेबल वाचत नाही. कॉस्टिकच्या फ्लेक्स नेहमी थंड पाण्यात थोड्या थोड्या टाकायच्या, फ्लेक्सवर पाणी कधी ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तर कालवायचंच नाही, हायड्रोजन निघतो. डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं, घड्याळ लावून, नंतर गाडी. दवाखान्यात नेऊ नेऊ करत आधीच गाडी काढतात आणि रस्त्यात डोळा जातो, कॉस्टिक डोळ्यात आत आत उतरत राहतं.

मग स्वॅब फेल का? मला वाटतं तुम्ही फिलर उघडतच नसाल. नोझलची ओ-रिंग (रबरी कडं), व्हॉल्व्हचं गॅस्केट, टी-जॉइंटला बंद केलेला वीतभर पाईप जिथे पाणी फिरतच नाही, कन्व्हेयरची खालची बाजू, पोकळ रोलर. टोमॅटोच्या कारखान्यात जिओट्रिकम नावाची एक बुरशी मशीनवरच वाढते, इतकी नेहमीची की जगभर तिला मशिनरी मोल्ड असंच म्हणतात. दिसायला पांढरट मलईसारखी, पोरांना वाटतं सॉसच लागलाय. केचप आंबट आहे म्हणून त्यात बाकी जंतूंना त्रास होतो, पण बुरशी, यीस्ट आणि बाटली फुगवणारे लॅक्टिक जंतू मजेत राहतात.

प्रेशर जेटचं पण बघ. तुझ्या मेसेजमधे "फवारा मारून धुतात" असं आहे. मोरीवर जेट मारला की मोरीतलं सगळं बारीक तुषार होऊन हवेत जातं आणि नुकत्याच धुतलेल्या फिलरवर येऊन बसतं. मोरीला जेट कधीच नाही, वेगळ्या रंगाचा ब्रश, आणि मोरी आधी उरकायची, मशीनवरचा सॅनिटायझर त्यानंतर. शिवाय जेटचं पाणी मोटरच्या बेअरिंगमधे आणि पॅनलमधे जातं, मग सकाळी मेंटेनन्सवाला शिव्या घालतो, मी स्वतः घातल्यात.

आता हाताचं. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे. सातपूरला एका फरसाणच्या युनिटला होतो, २००६ सालची गोष्ट, लोडशेडिंगचे दिवस. लाईट गेली की आम्ही खूश, आता मशीन बंदच आहे तर साफ करून घेऊ. कोणाला स्विच बंद करायचं सुचत नव्हतं कारण वीजच नाही ना. मी ब्लेंडरच्या तळातलं चिकटलेलं बेसन बोटाने काढत होतो आणि लाईट आली. ब्लेंडरला साधा फिरवायचा रोटरी स्विच होता, तो चालूवरच राहिलेला. पुश बटणाचा स्टार्टर असता तर लाईट आल्यावर कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन उभं राहिलं असतं, कारण वीज गेली की त्याचा कॉइल सुटतो. एवढासाच फरक. आज पण छोट्या युनिटमधे रोटरी स्विच सर्रास आहेत, तुमच्या मसाला शेडमधे जाऊन मोज किती आहेत.

तर नियम असा की सफाईला हात लावणाऱ्या प्रत्येकाने मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. सुपरवायझरचं कुलूप नाही, ज्याचा हात त्याचं कुलूप. चार जण असतील तर चार कुलपं, त्यासाठी सहा भोकांचा हॅस्प (एकाच जागी अनेक कुलपं अडकवायची कडी) मिळतो. मग स्टार्ट दाबून बघायचं की खरंच बंद आहे. बटण दाबून बघणं सगळे विसरतात, आणि भलताच आयसोलेटर बंद केलेला असतो. हवेवर चालणारा सिलिंडर असेल तर हवा सोडून द्यायची, वर उचललेला भाग असेल तर खाली टेकू. बेल्ट फिरवून फिरवून धुवायचाच असेल तर इंचिंगचं बटण, दाबलं तेवढंच फिरणार, आणि फिरत असताना कोणाचा हात मशीनवर नाही. बांगड्या, ओढणी, मनगटाचा दोरा, सैल ग्लोव्ह हे तुला माहीतच असेल.

कुलपाला वेळ लागतो असं मॅनेजर म्हणतील. लागतो, तीन-चार मिनिटं. म्हणूनच म्हटलं की प्लॅनमधे लिहून घे. पाऊण तासाच्या सफाईत कोणी कुलूप लावत नाही, दोन तासाच्या सफाईत लावतात.

टाकीत उतरण्याबद्दल तू विचारलं नाहीस पण तुमच्याकडे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) असणारच, म्हणून लिहितो. वायनरीत असताना शिकलेली गोष्ट, द्राक्षाचा एक लिटर रस आंबताना सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो हवेच्या दीडपट जड, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा बसतो. जानेवारी ते मार्च सीझन, रोज टाक्या रिकाम्या होतात, आत चोथा राहतो, कोणीतरी फावडं घेऊन उतरतो. आपल्याकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, ज्योत विझली तर उतरायचं नाही. पण ज्योत विझते ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर, माणूस त्याच्या आधीच कोसळू शकतो. ऑक्सिजनच्या मीटरवर पण पूर्ण भरवसा नको. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ च्या आसपासच येतो, आणि मीटरचा अलार्म वाजतो १९.५ ला. म्हणजे मीटर गप्प आणि तुम्ही ४ टक्क्यांच्या जीवघेण्या मर्यादेच्या वर उभे. नेहमीच्या चार गॅसच्या मीटरमधे कार्बन डायऑक्साइड नसतो, त्याचा सेन्सर वेगळा मागवावा लागतो. आमच्या तेव्हाच्या मालकाला हे पटवायला मला एक अख्खा सीझन लागला.

ईटीपीच्या टाकीत आणि चेंबरमधे हायड्रोजन सल्फाइड, सडलेल्या अंड्याचा वास. वास येतोय तोवर ठीक असं समजू नको, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. बातम्यांत नेहमी दोघं-तिघं एकदम का असतात ते याच्यामुळे. आधी आत ताजी हवा मारायची, गॅस मोजायचा, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि ट्रायपॉड (माणूस वर ओढायची तिवई), बाहेर एक माणूस फक्त बघायला आणि त्याने आत उतरायचं नाही काही झालं तरी. सेप्टिक टँकमधे साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, ठेकेदाराचा माणूस होता ही सबब चालत नाही. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. टँकर बोलवा, सक्शन मशीन लावा, ते कितीतरी स्वस्त पडतं.

मसाला शेडमधे उलटं. तिथे पाणी आणू नका. कोरड्या कारखान्यात पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रण, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पावडरमधे महिनोन्महिने गप्प पडून राहतो आणि ओल मिळाली की वाढतो. ब्रश, खरवडणी, व्हॅक्यूम. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची सवय बंद करा, ती धूळ बीमवर, ट्यूबलाईटवर, केबल ट्रेवर जाऊन बसते. हळद, मिरची, साखर, कांद्याची पावडर, सगळं पेटतं, हवेत उडालं तर स्फोट होतो. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जॉर्जियामधे साखरेच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ माणसं गेली. पहिला स्फोट छोटा होता, त्याने वर्षानुवर्षं वर साचलेली धूळ खाली उडाली आणि ती पेटत गेली. जेमतेम १ मिलीमीटरचा थर मोठ्या भागात साचला तरी तो धोक्याचा धरतात. शिडी लाव, बीमवर बोट फिरव, रेघ उमटली तर समज. व्हॅक्यूम अर्थिंगवाला आणि धुळीसाठी बनवलेलाच घ्या, घरचा नाही. अंगावरची धूळ पण एअर गनने झटकू देऊ नका.

ऑडिटबद्दल फार लिहीत नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) २०११ च्या लायसन्सिंग नियमांतली अनुसूची ४, म्हणजे स्वच्छतेचे नियम, मराठीत प्रिंट काढून पोरांना वाचून दाखव, अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो तो आहे का बघ, ब्रशचे रंग वेगळे कर, तारेच्या घासण्या आजच्या आज भंगारात टाक कारण त्यांच्या तारा सॉसमधे सापडतात. रजिस्टर खरं ठेव. ऑडिटर लोक येडे नसतात, महिनाभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच वळणात दिसल्या की त्यांना पहिल्या पानालाच कळतं.

आणि रात्रीची सफाई ज्या ठेकेदाराकडे आहे त्याची पोरं दर दोन महिन्यांनी बदलतात ना? बदलणारच. सगळ्यात नवा माणूस, सगळ्यात कमी पगार, गार्ड उघडे, फरशी ओली, सुपरवायझर घरी. दिवसा अनुभवी ऑपरेटर जी मशीन गार्ड लावून चालवतो तीच रात्री गार्ड काढून कालच आलेल्या पोराच्या हातात देतो आपण. निदान दोन माणसं तरी कंपनीची कायमची ठेवा सफाईला आणि त्यांना मशीन उघडायला-जोडायला फिटरकडून शिकवा. गमबूट त्यांच्या मापाचे द्या, एकच जोड तिघांत फिरवू नका.

मॅनेजरला केमिकलचं कोटेशन द्यायच्या आधी एक काम कर. येत्या रविवारी फिलर बंद करून, कुलूप लावून, एक नोझल पूर्ण उघड, ओ-रिंग बाहेर काढ आणि खाचेतून स्वॅब घे, तसाच एक स्वॅब ट्रेवरून आणि एक मोरीपासून हातभर अंतरावर. तिन्हींचे रिझल्ट आणि ओ-रिंगचा जवळून काढलेला फोटो इथे टाक, मग सांगतो पुढे काय करायचं.